जॅकेट नाही, तर नदी नाही

"जॅकेट नाही, तर नदी नाही," प्लॉय म्हणाली.

हे ती इंग्रजीतून म्हणाली, आणि हसतमुखानं. दादानं उत्तर मराठीतून दिलं, न हसता.

"पद्या, हिला सांग, मी कृष्णेत पोहलोय. पुरात. आयर्विन पुलावरून उडी मारून."

मी सांगितलं. पुलाची उंची मला माहीत नव्हती, ती मी अंदाजानं वाढवून सांगितली. प्लॉयनं सगळं आदरानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खुंटीवरचं एक नारिंगी लाइफ-जॅकेट काढून दादापुढं धरलं.

"हिला म्हणावं, आमच्या नदीत मगरी आहेत."

दादा मगरींबद्दल नेहमी असं बोलायचा, की जणू त्यानं त्या नगरपालिकेकडून मंजूर करून आणल्या होत्या. तेही मी सांगितलं. प्लॉयनं नदीकडं एकदा बघून घेतलं.

"इथं मगर नाही," ती म्हणाली. "फक्त जॅकेट आहे."

थायलंडात, कांचनाबुरीच्या वरच्या अंगाला, क्वाई नदीवर तरंगणाऱ्या एका हॉटेलात हे चाललं होतं. प्लॉय तिथं पाण्यात उतरणाऱ्यांवर देखरेख ठेवणारी मुलगी. हॉटेल म्हणजे बांबूच्या तराफ्यांची लांबच लांब रांग, त्यांच्यावर झोपड्या, झोपड्यांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांचा रस्ता. समोर चुनखडीचे उभे कडे, मागं जंगल. वीज नाही, संध्याकाळी कंदील. सांगलीत वीज गेली की आम्ही बोर्डाला फोन करतो. इथं वीज नसणं हे आकर्षण म्हणून पत्रकात छापलेलं होतं.

दुसरं आकर्षण म्हणजे वाहत जाणं. वरच्या टोकाच्या तराफ्यावरून पाण्यात उतरायचं, प्रवाहाबरोबर पाठीवर पडून खाली यायचं, आणि शेवटच्या तराफ्यावरून पाण्यात सोडलेल्या दोरांपैकी एक धरून वर चढायचं. पोहता यायची गरज नाही, सगळं नदी करते. मग फळ्यांवरून चालत पुन्हा वर जायचं आणि पुन्हा वाहत यायचं. एक जर्मन जोडपं सकाळपासून हेच करत होतं, अगदी गंभीरपणे, कचेरीला गेल्यासारखं.

आमची सहल सांगलीहून आलेली. बाकीची मंडळी मॅनेजरबरोबर गुहा बघायला गेली होती. मागं राहिलो होतो आम्ही चौघं. अच्युतदादा, शालनवहिनी, मी आणि दादाचे बालमित्र भूपाल मगदूम, म्हणजे मगदूमतात्या. माझी बायको दहावीचे पेपर तपासण्यात अडकली होती, त्यामुळं खोलीत माझे जोडीदार तात्याच होते. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. सगळी अडचण त्या कॅमेऱ्याची होती.

ती समजायची तर भोपळ्याबद्दल सांगावं लागेल.

आमच्या लहानपणी घाटावर मुलं पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकत. भोपळा तरंगतो, त्याच्याबरोबर मुलगाही तरंगतो. असं बरेच दिवस चाललं, की उस्ताद एक दिवस मुलाला पत्ता लागू न देता पाण्यातच दोरी सोडून घेत. मुलगा हात मारतच राही. काठाला लागल्यावर त्याला कळे, की पाठ मोकळी आहे. मग घरी पेढे, घाटावर आरडाओरडा. दादाचा भोपळा सातव्या वर्षी सुटला, मगदूमतात्यांचा त्याच्याच मागोमाग. माझाही उस्तादांनी एकदा सोडून पाहिला. मला बाहेर काढल्यावर त्यांनी तो मुकाट्यानं परत बांधला. त्यानंतर मी वाचनाकडं वळलो.

दादा आणि तात्या ज्या मंडळात पहाटे पोहत, त्या मंडळाचा नियम एकच: एकदा भोपळा सुटला, की पुन्हा अंगाला काही बांधायचं नाही. ट्यूब नाही, डबा नाही, काही नाही. एक नामांकित वकील हृदयाच्या ऑपरेशननंतर ट्यूब घेऊन घाटावर आले होते. ते वारले तेव्हा शोकसभेत मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांचा उल्लेख 'आपले ट्यूबवाले वकील' असाच केला, तोही गहिवरून.

आता असा माणूस नारिंगी जॅकेट घालून, छातीवर तीन पट्टे आवळून, मगदूमतात्यांच्या कॅमेऱ्यासमोर पाण्यात कसा उतरेल?

"मग नकोच," दादा म्हणाला. "कुणीच उतरायचं नाही. चला, चहा पिऊ."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "पण मला जॅकेट चालतं की."

वहिनी आमच्या जतच्या. पाण्याचा टँकर आला की गाव लग्नाला निघाल्यासारखं धावायचं, अशा भागातल्या. लग्न होऊन त्या नदीकाठी आल्या तेव्हा त्यांच्या मैत्रिणींना हेवा वाटला होता म्हणे. पण काठावर येणं वेगळं आणि पाण्यात उतरणं वेगळं. वहिनींचा कृष्णेशी संबंध होता तो ओटी भरण्यापुरता, दादाचे ओले कपडे पिळण्यापुरता, आणि पूर ओसरल्यावर घरातला गाळ उपसण्यापुरता. नव्या नवरीच्या हौसेनं त्यांनी दादाला म्हटलं होतं, मलाही शिकवा. दादा म्हणाला होता, बघू. त्या 'बघू'ला आता तीसेक वर्षं झाली होती. विमानात माझ्या शेजारी बसल्या असताना त्या खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या होत्या, "भावजी, तिथं नदी आहे म्हणे. मला एकदा उतरायचंय. एकदा बास." त्यासाठी लेकीचा एक जुना पंजाबी ड्रेस त्यांनी बॅगेच्या तळाशी घालून आणला होता. आत्ता तो त्यांच्या अंगावर होता, आणि दादानं तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं.

"तुला पोहता येत नाही," दादा म्हणाला.

"म्हणून तर जॅकेट."

"आणि मी काठावर बसू? तू पाण्यात आणि मी काठावर? लोक काय म्हणतील?"

मी आजूबाजूला पाहिलं. लोकांमध्ये त्या वेळी ते जर्मन जोडपं होतं, आणि मागच्या वस्तीतून आलेली एक कोंबडी. पण दादाच्या मनातले लोक एकच होते, आणि ते लेन्स पुसत होते.

"उतरू दे की अच्युत," मगदूमतात्या म्हणाले. "तू पण उतर. शोभेल तुला नारिंगी."

"तूच घाल."

"मी? माझा भोपळा सुटलेलाय बाबा."

"आणि माझा काय अजून पाठीला आहे?"

प्लॉयनं मला विचारलं, हे दोघं भांडतायत का? मी म्हटलं, नाही, हे लहानपणीचे मित्र आहेत. ती म्हणाली, सूर्य त्या डोंगराच्या मागं गेला की मी कुणालाही पाण्यात सोडत नाही. आणि उद्या सकाळी आमची बोट निघायची होती. वहिनींना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण प्लॉयनं डोंगराकडं केलेलं बोट त्यांना बरोबर कळलं. त्यानंतर त्या पाण्याकडं कमी आणि डोंगराकडं जास्त बघू लागल्या.

चहा झाल्यावर दादानं मला बाजूला घेतलं.

"पद्या, भूपालला जरा हत्ती दाखवून आण."

"तात्यांनी सकाळीच बघितला हत्ती."

"मग परत दाखव. हत्ती एकदा बघून होतो होय? चांगला सावकाश दाखव." आणि मग नदीकडं बघत, "तिची फार इच्छा आहे रे. तेवढ्यात मी तिला एक चक्कर मारून आणतो."

दादा वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. फक्त त्याला साक्षीदार नको होते.

मी तात्यांना घेऊन काठावरच्या वाटेनं वर गेलो. मोन लोकांच्या वस्तीपलीकडं हत्तीला नदीत अंघोळ घालायची जागा होती. पाहुण्यांनी हत्तीच्या पाठीवर बसून त्याला ब्रशनं घासायचं, असा तो कार्यक्रम. सकाळी आमच्या सहलीतल्या एकाही माणसानं ब्रश हातात घेतला नव्हता. गणपतीला घासायचं कसं? सगळ्यांनी चपला काढून, हात जोडून दर्शन घेतलं होतं, आणि एका काकूंनी माहुताला विचारलं होतं, चतुर्थीला याला वेगळं काही देता का. हत्तीचा माहूत अजून आमच्याकडं संशयानं बघत होता.

तात्यांनी पुन्हा नमस्कार केला आणि एका ओंडक्यावर बसले.

"पद्माकर, एक सांगू? कुणाजवळ बोलू नकोस."

"बोला."

"ते वाहत जायचं बघून सकाळपासून जीव वरखाली होतोय माझा. हल्ली गुडघ्यानं घाटाच्या खालच्या पायऱ्या होत नाहीत. मी जातो पहाटे, पण मंडळ परतल्यावर. पाय बुडवून बसतो आणि कपडे ओले करून परत येतो. घरी पण माहीत नाही. इथं कसं बरं आहे. काही करायचंच नाही, नुसतं पडायचं."

"मग घाला की जॅकेट."

"अच्युत बघतोय ना! त्याच्यासमोर ते घातलं तर सांगलीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?" तात्या जवळ सरकले. "तू असं कर. परत गेलास की त्याला इकडं पाठव. म्हणावं, हत्ती बघून ये."

"तात्या, हत्ती एक आहे," मी म्हटलं. "तो किती जणांना पुरणार?"

मी दोघांनाही एकमेकांचं काही सांगितलं नाही. दोन पोहणाऱ्यांच्या मध्ये न पोहणाऱ्यानं पडू नये. पण माहुतानं हत्तीला घरी नेलं, बघायला काही उरलं नाही, तसं आम्हाला परतावंच लागलं. येताना मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होतो. तरीही आम्ही पोचलो तेव्हा दादा बाकावर बसून एक जॅकेट पायानं बाकाखाली ढकलत होता. पट्टे सगळे उलटेसुलटे अडकलेले होते. माणूस आयुष्यभर दोरी न बांधण्याचाच अभिमान बाळगत आला, की बांधायची वेळ आल्यावर त्याला गाठ जमत नाही.

"झाली चक्कर?" मी हळूच विचारलं.

"गप," दादा म्हणाला.

वहिनी वरच्या टोकाला, तराफ्याच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. त्यांनी बरोबर आणलेलं ओटीचं सामान काढलं होतं: हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. परदेशातली असली म्हणून काय झालं, नदी ती नदी. प्लॉय शेजारी उकिडवी बसून बघत होती. तांदळावर मासे आले. खण थोडा तरंगला आणि बुडाला. नारळ मात्र संथपणे निघाला, एकेका झोपडीसमोरून गेला, शेवटच्या तराफ्यापाशी दोरांच्या मधून सुटला आणि पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. वहिनींनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग डोंगराकडं पाहिलं. सूर्य टेकला होता.

त्या उठल्या. खुंटीवरचं जॅकेट त्यांनी स्वतः काढलं, हात घातले आणि प्लॉयपुढं उभ्या राहिल्या. प्लॉयनं पट्टे आवळले, चिमटे लावले, पाठीवर थोपटलं.

"भावजी, येताय?"

मी एक जॅकेट घेतलं. मला गमावण्यासारखी काही अब्रू नव्हतीच.

"शालन!" दादा बाकावरून उठला. "मी सांगतोय तुला!"

"सांगा की," वहिनी शिडीवरून पाण्यात पाय सोडत म्हणाल्या. "मी वाहता वाहता ऐकते."

आणि त्यांनी शिडी सोडली.

पाणी गार होतं आणि खांद्याला कुणीतरी मागून हळूच ढकलावं तसं नेत होतं. वहिनी माझ्या पुढं होत्या. आधी त्यांनी दोन्ही हात जॅकेटच्या पट्ट्यांना घट्ट धरले होते. मग एक सोडला. मग दुसरा. पाय वर आले, मान मागं टेकली, केस सुटून पाण्यावर पसरले. कडे मागं सरकत होते, बांबूची बेटं मागं सरकत होती. त्या काही बोलल्या नाहीत, हसल्या नाहीत. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर बायका ओरडतात तसं काही नाही. देवळात उभं राहावं तसा चेहरा होता.

बोलत होता तो दादा. फळ्यांच्या रस्त्यावरून तो आमच्याबरोबरीनं धावत होता, झोपडीमागून झोपडी ओलांडत, वाळत घातलेले टॉवेल चुकवत.

"पाय हलव! अगं, पाय हलव! हात असे मार, असे! तोंड बंद ठेव! पद्या, तिला सांग, तोंड बंद ठेव!"

"तोंड तुझंच उघडं आहे," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. तीस वर्षांचं शिकवायचं राहिलेलं तो एका फळीवरून पुरं करत होता.

शेवटचा तराफा आला. मी हात लांबवून दोर धरला. प्रवाहानं मला झटक्यानं फिरवलं, म्हणून मला मागचं सगळं दिसलं. वहिनींच्या बाजूलाही दोर होता. त्यांचं त्याच्याकडं लक्ष होतं. तो त्यांच्या हातावरून घसरत गेला. बोटं मिटली नाहीत.

"धर! शालन, दोर धर!"

त्या तराफ्याच्या पुढं गेल्या. फळ्यांचा रस्ता संपला आणि त्याबरोबर दादाचं धावणंही. तो टोकाला क्षणभर उभा राहिला. प्लॉयची शिट्टी वाजत होती, एक माणूस बोटीकडं पळत होता. दादानं चष्मा काढून फळीवर ठेवला आणि विजारीसकट, शर्टासकट सूर मारला. साठीतला सूर होता, पण सुंदर होता. सपासप हात मारत तो वळणाकडं गेला, आणि नारळ दिसेनासा झाला तिथंच तोही दिसेनासा झाला.

"अच्युत, मी आलो रे!" असं वरून कुणीतरी ओरडलं. मगदूमतात्या नारिंगी जॅकेट घालून पाण्यात आले होते. ते पाठीवर पडून अत्यंत समाधानानं माझ्याजवळून गेले, बरोबर दोर धरला, वर चढले आणि वरच्या टोकाकडं चालू लागले. त्या गोंधळात ते पुन्हा एकदा वाहत आले, अशी माझी खात्री आहे. कॅमेरा बाकावर पडून होता.

बोटीत मी आणि प्लॉय चढलो. इंजिन सुरू व्हायला वेळ लागला, वळणापर्यंत जायला आणखी. कड्याखाली पाणी संथ होतं, तिथं ती दोघं होती. वहिनी पाठीवर पडल्या होत्या, दादा त्यांच्या अंगाला लागून, त्याचा एक हात त्यांच्या जॅकेटच्या पट्ट्यात.

"घाबरू नका!" आम्हाला बघून दादा ओरडला. "मी धरलंय हिला!" त्याचे ओठ निळे पडले होते.

प्लॉयनं आधी दादाला वर ओढलं. तो बोटीच्या तळाशी बसून धापा टाकत राहिला आणि तिनं त्याच्या अंगात जॅकेट चढवून पट्टे आवळले, तरी त्याला कळलं नाही.

त्यानंतरचं सांगलीला माहीत आहे. मंडळानं दादाला शाल आणि श्रीफळ दिलं. साठाव्या वर्षी, परक्या नदीत, अंगाला काहीही न बांधता, वाहून चाललेल्या पत्नीला वाचवलं. प्रवाह दरवर्षी थोडा वाढत गेला. मध्यंतरी त्यात एक भोवराही आला. आणि परतल्यावर पंधरवडा व्हायच्या आत दादानं आपण होऊन वहिनींचं नाव पोहण्याच्या तलावावर घातलं. "पुन्हा असं झालं तर मी काय प्रत्येक वेळी असणार आहे?" असं तो सगळ्यांना सांगे. वहिनी शिकल्या. आता पहाटे घाटावर बायकांची एक तुकडी पोहते, तिच्यात त्या सगळ्यांत पुढं असतात.

परवा दादाच्या पंचाहत्तरीला घरी मंडळी जमली होती. नव्या पोरांनी आग्रह केला, म्हणून दादानं क्वाई नदी पुन्हा सांगायला घेतली. मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनी ओट्यापाशी वाट्यांमध्ये बासुंदी काढत होत्या.

"वहिनी, एक विचारू? दोर तुम्हाला दिसला होता ना?"

"दिसला की. हाताला लागत होता."

"मग?"

"एवढ्यात संपत होतं हो." त्यांनी डाव बाजूला ठेवला. "वळणापलीकडं काय आहे ते तरी बघावं म्हटलं. मोठा कडा होता. गार सावली. एकही माणूस नाही. इतकं छान वाटलं."

"आणि तेवढ्यात दादा आला."

"आले. चांगले पोहत आले. आणि माझ्यापर्यंत येऊन दमले." बाहेर दादाचा आवाज चढला होता, भोवरा जवळ आला असावा. "नाकातोंडात पाणी गेलं. हात मारता येईना. म्हणाले, शालन, मला धर."

मी भांडं खाली ठेवलं.

"मग?"

"मग काय, धरलं. नवरा आहे." बाहेर टाळ्या पडल्या. वहिनींनी ताटात वाट्या मांडल्या, प्रत्येकीत चमचा ठेवला आणि ताट माझ्या हातात दिलं.

"पण लगेच नाही धरलं," त्या म्हणाल्या.